हरवलेल्या व्होल्टांचा हिशेब

बायोसमध्ये जायचं, प्रोसेसरचं व्होल्टेज १.३५ वर पक्कं करायचं, एफ१० दाबून बाहेर पडायचं. विंडोज सुरू झालं की मॉनिटरिंगच्या खिडकीत १.३४ किंवा १.३५ असा आकडा दिसतो. मदरबोर्ड दिल्या शब्दाला जागला म्हणायचा! मग प्राइम९५ लावायचं. दहाही कोअर एकदम कामाला जुंपले जातात आणि तोच आकडा धाडकन उतरून १.१३ वर येऊन बसतो. प्रोग्रॅम थांबवला, की पुन्हा १.३५.

मधले ०.२२ व्होल्ट गेले कुठे?

प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायच्या, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगच्या नादाला नव्याने लागलेल्या माणसाचा पहिला संशय दुकानदारावर जातो. लॅमिंग्टन रोडवरच्या त्या गड्याने हलका बोर्ड गळ्यात मारला, असं त्याला ठामपणे वाटतं. दुसरा संशय पॉवर सप्लायवर. काहीजण तर तो बदलूनही पाहतात आणि नव्या सप्लायवरही आकडा तेवढाच उतरतो, तेव्हा चक्रावतात. बोर्ड ठणठणीत असतो, सप्लायही. ही घट मोजूनमापून, मुद्दाम ठेवलेली आहे. ओव्हरक्लॉकरांच्या बोलीत तिला ‘व्हीड्रूप’ म्हणतात. ती का ठेवली, हे कळलं की आपण तिच्याशी भांडायचं थांबत नाही, पण कुठवर भांडायचं ते कळतं.

आधी हिशेब. वरचे आकडे इंटेलच्या कोअर आय९-१०९००केचे धरले आहेत. २०२० साली आलेला हा दहा कोअरचा प्रोसेसर, टर्बोत ५.३ गिगाहर्ट्झपर्यंत धावणारा. इंटेलच्या तपशीलपत्रकानुसार तो जास्तीत जास्त २४५ अँपिअर करंट ओढू शकतो. घरात गीझरसाठी जाड पिनांचा सॉकेट बसवतात, तो १६ अँपिअरचा असतो, एवढं आठवलं म्हणजे या आकड्याचं वजन कळेल. त्याच कागदावर आणखी एक आकडा असतो : १.१ मिलिओहम. याला म्हणतात ‘लोडलाइन’. आता गेऑर्ग ओहमचा १८२७ सालचा नियम लावा. २०० अँपिअर गुणिले १.१ मिलिओहम, बरोबर २२० मिलिव्होल्ट. सापडले आपले ०.२२.

१.१ मिलिओहम म्हणजे किती? घरातल्या दिव्यांच्या वायरिंगला वापरतात तशी १ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार घेतली, तर तिचा जेमतेम साडेसहा सेंटिमीटरचा तुकडा एवढा रोध देतो. एवढ्याशा रोधाची एरवी कुणी दखलही घेत नाही. पण करंट २०० अँपिअर असला, की हाच तुकडा व्होल्टेजचा सहावा हिस्सा गिळतो. आणि प्रोसेसरला तर मुळात मिळतंच सव्वा-दीड व्होल्ट.

उसाच्या पट्ट्यात, लाइनच्या शेवटच्या टोकाला ज्यांचं घर आहे, त्यांना हे ओहमचं नाव न घेताही ठाऊक असतं. आजूबाजूच्या विहिरींवरचे पंप सुरू झाले, की घरातला बल्ब मिणमिणायला लागतो आणि कुणीतरी म्हणतं, ‘व्होल्टेज डाऊन झालं.’ नियम तोच. फरक एवढाच, की तिथे लांबलेल्या तारेचा नाइलाज असतो. मदरबोर्डावर मात्र ही तार बऱ्याच अंशी अस्तित्वातच नसते.

मला सगळ्यात अचंबा वाटतो तो याचा. त्या १.१ मिलिओहमांतले बहुतेक ओहम कुठल्याही तांब्यात नाहीत, कुठल्याही रेझिस्टरमध्ये नाहीत. प्रोसेसरच्या बाजूला एक छोटा कंट्रोलर बसलेला असतो. तो बाहेर जाणारा करंट सतत मोजतो, त्याला १.१ मिलिओहमने गुणतो आणि जे उत्तर येईल तेवढं व्होल्टेज आपण होऊन कमी करतो. रोध नाही, रोधाचं सोंग आहे. खरोखरचा १.१ मिलिओहमचा रोध वाटेत बसवला असता, तर २०० अँपिअरला त्यात ४४ वॉट जळून गेले असते आणि बोर्डावर हात ठेवता आला नसता. सोंगातून उष्णता निघत नाही.

पण कंपनी स्वतःहून व्होल्टेज कमी करायला निघालीच का? ज्या क्षणी प्रोसेसर सर्वांत जास्त राबतो, नेमकं त्याच क्षणी त्याच्या तोंडचा घास काढून घ्यायचा, हे कुठलं शहाणपण? याचं उत्तर मिळवायला बोर्डावरचा वीजपुरवठा जरा जवळून पाहायला हवा.

कॅबिनेटची बाजू उघडा. प्रोसेसरच्या दोन बाजूंना ॲल्युमिनियमचे हीटसिंक दिसतील आणि त्यांच्या आतल्या अंगाला राखाडी-काळ्या चौकोनी ठोकळ्यांची रांग. ते ठोकळे म्हणजे कॉइल, हार्डवेअरवाल्यांच्या भाषेत चोक. हीटसिंकखाली दडलेत ते मॉस्फेट, म्हणजे अतिवेगाने उघडझाप करणारे स्विच. कोपऱ्यातल्या आठ पिनांच्या जोडणीतून १२ व्होल्ट येतात. वरचा स्विच क्षणभर चालू होतो, कॉइलमध्ये करंट वाढायला लागतो; वरचा बंद होऊन खालचा चालू होतो, करंट ओसरायला लागतो. चालू वेळेचं प्रमाण एक-दशांशाच्या आसपास ठेवलं, की १२ चे १.२ व्होल्ट होतात. हा खेळ सेकंदाला पाच लाख वेळा चालतो. अशा रांगेतल्या प्रत्येक संचाला ‘फेज’ म्हणतात, आणि दहा फेज असतील तर २०० अँपिअरचा भार प्रत्येकी वीस असा वाटला जातो. त्यांच्या उघडझापीच्या वेळा एकमेकींपासून सारख्या अंतरावर सरकवलेल्या असतात, म्हणजे एकीच्या चढाला दुसरीचा उतार मिळतो आणि बाहेर येणारं व्होल्टेज गुळगुळीत होतं. (खोक्यावर ‘१६ फेज’ छापलेलं पाहून हुरळून जाऊ नये. पुष्कळदा कंट्रोलर आठच फेज हाकत असतो आणि प्रत्येक फेजमध्ये दोन-दोन संच जोडीने बांधलेले असतात. त्याने भार वाटला जातो हे खरं, पण सोळा ते सोळाच नव्हेत.)

आता वेळेचा हिशेब करू. सेकंदाला पाच लाख उघडझापी म्हणजे एका उघडझापीला दोन मायक्रोसेकंद. पाच गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचं एक चक्र ०.२ नॅनोसेकंदाचं, तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा सहाच सेंटिमीटर जातो. म्हणजे वीजपुरवठ्याने एकदा स्विच हलवेपर्यंत प्रोसेसरची दहा हजार चक्रं होऊन गेलेली असतात! झोपलेले कोअर जागे होऊन करंट पाच अँपिअरवरून दोनशेवर जातो, तोही एका मायक्रोसेकंदाच्या आत, आणि कंट्रोलरला बातमी लागते तेव्हा घटना जुनी झालेली असते. मधल्या काळाची उसनवारी भागवतात ते कपॅसिटर : सॉकेटच्या पोकळीतले, प्रोसेसरच्या पाठीला चिकटलेले, आणि थेट सिलिकॉनवर कोरलेले. ते आपल्यातला साठा देतात आणि देता देता त्यांचं व्होल्टेज खचतं. ऑसिलोस्कोपवर या जागी एक दरी दिसते.

ही दरी कुणालाच टाळता येत नाही. कमीजास्त करता येते, एवढंच.

आणि काम संपतं तेव्हा? प्रोग्रॅम थांबतो, करंट दोनशेवरून पाचावर येतो, पण कॉइलमधून धावणारा करंट असा अचानक थांबत नाही. चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा कुठेतरी ओतावीच लागते. ती ओतली जाते त्याच कपॅसिटरांत, आणि व्होल्टेज उसळतं. इथे एक खुबी आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. करंट चढवायचा असतो तेव्हा कॉइलच्या दोन टोकांमध्ये १२ उणे १.२, म्हणजे जवळजवळ ११ व्होल्ट असतात. उतरवायचा असतो तेव्हा असतात फक्त ते १.२. चढणीला जेवढा जोर, त्याच्या नवव्या हिश्श्याने उतरणीला. कॉइल ०.२ मायक्रोहेन्रीची धरली, तर करंट चढतो मायक्रोसेकंदाला ५४ अँपिअर या वेगाने आणि उतरतो सहाच्या वेगाने. एका फेजमधले वीस अँपिअर रिकामे व्हायला तीन मायक्रोसेकंदांहून अधिक लागतात. म्हणजे दरीपेक्षा उसळी आवरायला कठीण. आपण सगळे डोळे लावून बसतो ते दरीकडे, कारण दरीत पडलेला संगणक निळा स्क्रीन दाखवतो. उसळी काही दाखवत नाही.

आता मुद्दाम ठेवलेल्या घटीचं कोडं सुटतं. समजा प्रोसेसरला या वेगाने चालायला कुठल्याही क्षणी किमान १.२० व्होल्ट लागतात, आणि समजा बोर्डाची दरी नि उसळी दोन्ही ०.२२ व्होल्टच्या आहेत. तुम्ही हट्टाने घट पुसून टाकली, भार असो-नसो व्होल्टेज एकच ठेवायचं ठरवलं. तर दरीच्या तळाशीही १.२० उरावेत म्हणून सपाट रेषा १.४२ वर न्यावी लागेल. भार आला : १.२० पर्यंत बुडी, परत १.४२. भार गेला : १.६४ पर्यंत उडी, परत १.४२. आता कंपनीची पद्धत पाहा. रिकामा असताना १.४२. भार आला : १.२० पर्यंत बुडी, आणि तिथेच मुक्काम. भार गेला : १.२० वरून उसळी घेऊन १.४२ वर, आणि तिथेच मुक्काम. दरी तीच, उसळी तीच, पण एकूण पल्ला ०.४४ ऐवजी ०.२२. छताला डोकं लागतच नाही. आणि छत खरंच आहे : या प्रोसेसरला इंटेलने १.५२ व्होल्टची मर्यादा घालून दिली आहे, १.६४ तिच्या पार पलीकडे.

दुसरा फायदा विजेच्या बिलात दिसेल असा. प्रोसेसर खातो ती शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तासभर व्हिडिओ रेंडर होत असताना सपाट पद्धतीत त्याला १.४२ मिळत राहतात, उतरत्या पद्धतीत १.२०. १.४२ भागिले १.२०, त्याचा वर्ग करा : १.४. त्याच वेगाला, त्याच कामाला चाळीस टक्के जास्त उष्णता, आणि तीही दर वेळी येऊन एका क्षणात जाणाऱ्या दरीच्या भीतीपोटी. ज्याने पहिल्यांदा दरीच्या तळालाच मुक्काम करायचं ठरवलं, त्या इंजिनिअरला मी मनोमन नमस्कार करतो.

मग लोक या घटीविरुद्ध इतकी वर्षं का झगडले? कारण त्यांना १.२० हवे असत आणि बायोस १.३५ च्या वर जायला तयार नसे, किंवा जाई तेव्हा रिकाम्या संगणकावर दिसणारा १.४२ चा आकडा पाहून छातीत धस्स होई. ओव्हरक्लॉकिंगला जनमान्यता मिळाली ती १९९८ च्या सेलेरॉन ३००एमुळे. बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला, की ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळायचा. तेव्हा करंट इतके बेताचे होते, की घटीची फिकीर कुणाला नव्हती. पुढे प्रोसेसरातले कोअर दोनाचे चार झाले, करंट फुगले, आणि २००६-०७ च्या सुमारास हौशी मंडळींनी शिसपेन्सिल उचलली.

ही अतिशयोक्ती नाही. कंट्रोलर चिपजवळ दोन मिलिमीटरही लांब नसलेला एक काळा रेझिस्टर असतो, आणि घट किती असावी हे त्याच्या ओहमांवर ठरत असे. संगणक बंद करायचा, भिंग लावायचं, मऊ शिशाची पेन्सिल घेऊन रेझिस्टरच्या एका चंदेरी टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाठीवरून रेघा ओढायच्या. ग्राफाइट वीज वाहतं, त्यामुळे करंटला समांतर दुसरी वाट मिळते आणि रोध उतरतो. मल्टिमीटरचे प्रोब लावून पाहायचं, अजून दोन रेघा, पुन्हा पाहायचं. जास्त झालं तर खोडरबर! बोर्डावर डाग न देता, सोल्डरिंग न करता, दोन रुपयांच्या पेन्सिलीने कंपनीची लोडलाइन वाकवायची. ग्राफाइट झडलं की काही महिन्यांनी घट परत यायची, मग पुन्हा पेन्सिल. त्याआधी २००० साली एएमडीच्या ड्युरॉन आणि थंडरबर्ड प्रोसेसरांवर लेझरने तोडलेले एल१ नावाचे सूक्ष्म पूल अशाच पेन्सिलीने सांधून वेग ठरवणाऱ्या गुणकाचं कुलूप उघडलं जात होतं. शाळेच्या कंपासपेटीतल्या वस्तूने अब्जावधींच्या उद्योगाला दिलेली ही दुसरी हुलकावणी.

कंपन्यांनी पेन्सिलीचा निरोप ऐकला आणि तीच सोय बायोसमध्ये दिली. नाव ठेवलं ‘लोडलाइन कॅलिब्रेशन’, सगळे म्हणतात एलएलसी. ही सेटिंग काय करते, तर सोंगातला रोध बदलते : १.१ च्या जागी ०.८, ०.५, ०.२, शून्य. काही बोर्डांवर शेवटची पायरी शून्याच्याही खाली जाते, म्हणजे भार आला की व्होल्टेज चक्क वाढतं. असली पायरी ठेवण्यामागचा हेतू मला आजवर कळलेला नाही.

पायऱ्यांच्या नावांचा मात्र नुसता गोंधळ आहे. असुसच्या इंटेल बोर्डांवर १ ते ८ असे स्तर असतात आणि आकडा चढेल तशी घट कमी. एमएसआयवर उलटं : मोड १ म्हणजे जवळजवळ सपाट, आकडा चढेल तशी घट जास्त. ॲसरॉकवरही स्तर १ सपाट. गिगाबाइटने आकड्यांना फाटा देऊन लो, मीडियम, हाय, टर्बो, एक्स्ट्रीम अशी चढती विशेषणं लावली आहेत. मित्राने सांगितलं ‘एलएलसी ६ ठेव’, आणि त्याचा बोर्ड वेगळ्या कंपनीचा, तर तुम्ही नेमकं उलट्या टोकाला जाऊन बसता. बहुतेक बायोसमध्ये सेटिंगच्या शेजारी छोटा आलेख काढलेला असतो, आडव्या अक्षावर करंट, उभ्यावर व्होल्टेज. आकड्यावर नव्हे, त्या रेषेच्या उतारावर विश्वास ठेवावा.

तर मग उतार किती ठेवायचा? इंटेलचे १.१ मिलिओहम ही बोर्ड बनवणाऱ्याला घातलेली किमान अट आहे. स्वस्तातल्या बोर्डानेही एवढं पाळावं. चांगल्या बोर्डावर फेज जास्त, कपॅसिटर जास्त, आणि त्याची खरी दरी त्यामानाने उथळ. समजा ती ०.२२ ऐवजी ०.१० व्होल्टचीच आहे. म्हणजे हा बोर्ड जणू ०.५ मिलिओहमचा आहे. तर सोंगातला रोधही ०.५ वर आणावा. रिकाम्या संगणकाला १.३०, भाराखाली १.२०, बुडी १.२० च्या खाली नाही, उसळी १.३० च्या वर नाही. सेटिंग बोर्डाच्या खऱ्या दरीशी जुळली, की तोटा कुठेच नाही. त्याहून जास्त उतार ठेवला तर रिकामटेकडं व्होल्टेज उगाच चढं राहतं. कमी ठेवला तर सपाट पद्धतीचे सगळे भोग परत येतात, शिवाय कंट्रोलर घाईघाईने दुरुस्ती करायला जाऊन व्होल्टेजला हेलकावे देतो. जाणते ओव्हरक्लॉकर मधल्या पायऱ्या सुचवतात ते यासाठी. टोकाच्या पायऱ्या प्रोसेसर थंड करायला द्रवरूप नायट्रोजन किंवा हीलियम ओतणाऱ्यांसाठी सोडाव्यात. २०२३ च्या ऑक्टोबरात असुसशी निगडित असलेल्या एल्मॉर या ओव्हरक्लॉकरने आय९-१४९००केएफ ९ गिगाहर्ट्झच्या पुढे नेला, तो हीलियमच्याच जोरावर. त्याचा प्रोसेसर काही मिनिटं जगला तरी पुरे होतं. आपल्याला पाच वर्षं जगवायचा असतो.

ती खरी दरी आपल्याला दिसते का? हीच अडचण आहे. मॉनिटरिंगचा प्रोग्रॅम सेकंदाला एक-दोनदा आकडा वाचतो, आणि दरी-उसळीचं आयुष्य मायक्रोसेकंदांचं. घरातला मल्टिमीटरही सरासरीच दाखवतो. पाहायचंच असेल तर चांगला ऑसिलोस्कोप आणि सॉकेटच्या पाठीमागे नेमक्या जागी लावलेला प्रोब हवा, आणि तो खर्च प्रोसेसरच्या किमतीच्या पुढे जातो. त्यात आणखी एक मेख : व्होल्टेज कुठे मोजलं? काही बोर्ड सॉकेटच्या आसपासचं दाखवतात, काही थेट सिलिकॉनपासून आणलेल्या वेगळ्या जोड-तारांवरचं. भाराखाली या दोन आकड्यांत ठळक फरक पडतो, कारण मधल्या पिना आणि तांब्याचा खराखुरा रोध पहिल्या आकड्यात धरलेलाच नसतो. ‘माझ्या बोर्डात घटच नाही’ अशी फुशारकी मारणाऱ्याला आधी विचारावं, तुझा बोर्ड मोजतो कुठे?

स्कोप नसेल तर परीक्षा संगणकाच्या वागण्यावरून घ्यावी लागते. सगळे प्राइम९५ लावतात. मुळात हा प्रोग्रॅम मर्सेन नावाच्या प्रचंड मूळ संख्या शोधण्यासाठी जॉर्ज वोल्टमनने लिहिला, १९९६ पासून जगभरचे संगणक त्यावर राबताहेत; त्याच्यातल्या ‘टॉर्चर टेस्ट’ने त्याला ओव्हरक्लॉकरांच्या दारी आणलं. पण तासन्‌तास एकसारखा भार देऊन घटीबद्दल फारसं कळत नाही. भार स्थिर झाला की दरीही नाही, उसळीही नाही. घात होतो तो बदलात. म्हणून लहान लहान चाचण्या लावाव्यात, थांबवाव्यात, पुन्हा लावाव्यात. गेम सुरू होताना, गेममधून बाहेर पडताना, ब्राउझरचे पंधरा टॅब एकदम उघडताना संगणक पडतो, आणि रात्रभर प्राइम९५ मुकाट्याने चालतं, असं असेल तर संशयिताचं नाव ठरलेलं आहे. आणि चाचणी जानेवारीत करून मे महिन्यात निश्चिंत राहू नये. नागपुरात बाहेर ४५ अंश असताना खोलीच तापते, सिलिकॉनमधून झिरपणारा करंट तापमानाबरोबर वाढतो, मॉस्फेटचाही रोध वाढतो. युरोपातल्या गार खोलीत बसून दिलेले सल्ले विदर्भात थोडा हात राखूनच घ्यावेत.

उसळीचा आणि चढ्या व्होल्टेजचा हिशेब लगेच चुकता होत नाही, म्हणून तो खोटा वाटतो. २०२४ मध्ये तो साऱ्या जगासमोर आला. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर कुठलंही ओव्हरक्लॉकिंग न करता अस्थिर होऊ लागले. महिनोन्‌महिने शोध घेऊन इंटेलने जे सांगितलं ते असं : चढं व्होल्टेज आणि तापमान यांमुळे कोअरमधला घड्याळाचे ठोके पोहोचवणारा भाग अकाली झिजतो, आणि तोच वेग टिकवायला मग पहिल्यापेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. कारणांच्या यादीत बोर्ड कंपन्यांच्या सैल सेटिंग होत्या, प्रोसेसरचं स्वतःचंच चुकीचं चढं मागणं होतं, आणि एक बाब होती रिकाम्या किंवा हलक्या कामातल्या चढ्या व्होल्टेजची. ऑगस्टमधल्या दुरुस्तीने व्होल्टेजवर १.५५ ची मर्यादा आणली, सप्टेंबरमधल्या दुरुस्तीने ही हलक्या कामातली मागणी आवरली, आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. हे एलएलसीचं पाप नव्हतं. पण जी बाजू आपण कधी पाहत नाही, भार नसतानाची, तिथेही झीज होते हे त्यातून उघड झालं. प्राइम९५ लावून १.२० पाहायचे आणि समाधानाने झोपायचं, ही सवय अर्धवट आहे.

याच प्रोसेसरांमुळे आणखी एक सेटिंग बोलण्यात आली : एसी लोडलाइन. प्रोसेसर स्वतः व्होल्टेज मागतो तेव्हा वाटेत किती घट होणार याचा अंदाज धरून तेवढं जास्त मागतो, आणि हा अंदाज त्याला बायोस पुरवतो. आता तुम्ही एलएलसीने घट पुसली, पण प्रोसेसरला ते कळवलंच नाही, तर तो बिचारा न होणाऱ्या घटीची भरपाई मागत राहतो, आणि बोर्ड ती इमानेइतबारे देतो. एका सेटिंगला हात लावला, की दुसरीकडे पाहावंच लागतं.

एएमडीने मात्र या साऱ्यावर निराळीच शक्कल लढवली आहे. सिलिकॉनवरची सर्वांत पहिली दरी ही काही नॅनोसेकंदांची असते. बोर्डावरचा कुठलाही कंट्रोलर, कितीही फेजचा, तिच्यापर्यंत पोहोचूच शकत नाही. रायझनच्या कोअरमध्येच घट ओळखणारे पहारेकरी बसवले आहेत. व्होल्टेज खचतंय असं दिसलं, की ते घड्याळाचा ठोका तिथल्या तिथे ताणतात. ट्रान्झिस्टर मंदावला, तर त्याला वेळही थोडा जास्त मिळतो. संगणक पडत नाही, दरी निघून जाते, ठोका पूर्ववत. अब्जांश सेकंदांत कुणीतरी घड्याळ लांबवतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

पण त्यामुळे रायझनवर ओव्हरक्लॉकरची फसगत होते ती वेगळ्या तऱ्हेने. व्होल्टेज जरा जास्तच उतरवलं, तरी निळा स्क्रीन येत नाही, खिडकीत वेग ४.७ गिगाहर्ट्झ असाच झळकतो, तापमान छान उतरलेलं असतं, आणि माणूस खूश होतो. प्रत्यक्षात ठोके सतत ताणले जात असतात आणि काम कमी होतं. तिथे व्होल्टेजच्या आकड्याकडेही पाहू नये, वेगाच्याही नाही. व्होल्टेज एक पायरी उतरवायचं, कामाचा वेग गुणांत मोजणारी सिनेबेंच चाचणी चालवायची. गुण टिकले किंवा वाढले तर आणखी एक पायरी. गुण घसरले, की एक पायरी परत वर, आणि तिथेच थांबायचं.